तुम्ही हललात

आमच्या धंद्यात एक वाक्य कायम तयार असतं. फोटो धूसर आला, की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आपण म्हणून टाकायचं: तुम्ही हललात. माणूस लगेच गप्प होतो. आपण हललो नव्हतो असं छातीठोकपणे कोण सांगणार? श्वास तर सगळेच घेतात. इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं त्याला गणती नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी खरोखर मान हलवलेली होती, हेही सांगायला हवं. पण एका बाईला मी ते म्हटलं आणि ती हललेली नव्हती. बायको म्हणते, एवढं काय त्यात, फोटोच तर होता. तिला मी सगळी गोष्ट अजून सांगितलेली नाही.

डहाणूत बाजाराच्या रस्त्याला माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्यामागे एक स्टूल. त्या स्टुलावर निम्मा तालुका बसून गेलाय. दाखला, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, सगळ्याला पासपोर्ट साइज फोटो लागतो आणि तो मी दहा मिनिटांत हातात देतो. लग्नाची कामंही घेतो, पण खरं सांगायचं तर माझं पोट या स्टुलावर आहे. स्वभाव तापट. ‘हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका’ हे मी इतक्या वेळा बोललोय, की घरातही माझा आवाज तसाच निघतो असं बायकोचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी मी नवा डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि त्याच्याबरोबर पन्नासची लेन्स. ही लेन्स अंधारातला उजेडही ओढून घेते. तिची गंमत अशी, की ती पूर्ण उघडी ठेवली की जेवढ्यावर फोकस धरला तेवढंच लख्ख येतं आणि मागचं-पुढचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. लोकांना ते फार आवडतं. मलाही आवडलं. मी फ्लॅश कपाटात टाकला आणि स्वतःला कलाकार समजायला लागलो. चाळिशी उलटून गेली होती, जवळचं नीट दिसत नव्हतं, पण चष्मा लावून कॅमेरा धरणं मला कमीपणाचं वाटायचं.

ती बाई दिवाळीनंतर आली. तलासरीकडच्या एका पाड्यावरची, वारली, पन्नाशीची असेल. मुलाच्या लग्नाचे फोटो काढायचे म्हणून मुलगाही बरोबर होता. मुलाशी बोलणं झालं, तारीख ठरली, मुलगा बाहेर गेला आणि मग ती काउंटरपाशी थांबून राहिली. मी विचारलं, अजून काही? तेव्हा तिने सांगितलं, की मुलाच्या आधी त्याच मांडवात तिचंही लग्न आहे.

शहरातला माणूस हे ऐकून हसेल म्हणून सांगतो. आमच्या भागात पाड्यांवर हे नवीन नाही. दोघं एकत्र राहायला लागतात, शेती करतात, मजुरीला जातात, पोरं होतात, आणि लग्नाचा विधी राहून जातो. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याचं जेवण आलं, ते काही दरवर्षी जमत नाही. कुणी त्यांना नावं ठेवत नाही. मात्र त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं, की पोराला हळद लागायच्या आधी आईबापाचं लागलं पाहिजे. म्हणजे तीस वर्षं संसार केल्यावर ही बाई आता नवरी होणार होती.

तिचा नवरा गुजरातेत बोटीवर खलाशी होता. नारळी पौर्णिमेनंतर जायचा तो मासेमारी बंद झाली की मेअखेरीस परत यायचा. मध्ये दिवाळीला चार दिवस. या वेळी लग्नासाठी म्हणून त्याने आठवडाभराची सुट्टी मागून घेतली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. पोराचे फोटो हवे तितके काढ. आमचा एकच काढ, भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात त्याच्यासमोर, दोघांचा. तोंडं नीट दिसली पाहिजेत. एक घरात लावायचा आणि एक तो बोटीवर घेऊन जाईल. तोवर त्या दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावर दोघं वेगवेगळी होती.

ती मला ‘तू’ म्हणत होती. त्यांच्यात सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, देवालाही आणि तहसीलदारालाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर ते मला थोडं खटकलं, हेही कबूल करतो. मी म्हटलं, मावशी, चिंता करू नका, असा फोटो काढतो की बघत राहाल.

लग्नाच्या दिवशी मी मोटरसायकलवर गेलो. घर कुडाचं, आत अंधार, आणि आतल्या भिंतीवर गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला. चौक ते काढत नाहीत, लिहितात. गावातल्या सवाशिणींनी दोन दिवस बसून लिहिला होता: मध्ये देवी, भोवती चौकटी, त्यात झाडं, माणसं, फण्या, शिड्या. एकेक रेघ दोऱ्यासारखी. पांढरा रंग त्या अंधारात उठून दिसत होता. त्याच्यापासून चार-पाच फुटांवर ती दोघं पाटावर बसली होती. तिच्या अंगावर पिवळं लुगडं, त्याला नवा सदरा. लग्न लावायला ब्राह्मण नसतो, धवलेरी असते, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. ती गाणं म्हणत होती.

गावातले भटजी मला ओळखतात. मी हात वर केला की थांबतात, मंगळसूत्र पुन्हा घालायला लावतात, फोटो झाला की पुढचा मंत्र. इथे मी हात वर केला, धवलेरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं गाणं चालूच. मला राग आला. शिवाय दोघं बसली होती हातभर अंतर ठेवून. शहरात मी जोडप्याला खुशाल म्हणतो, जवळ या, डोक्याला डोकं लावा. इथे नातलगांनी भरलेल्या घरात पन्नाशीच्या माणसांना ते सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, आहे तसंच काढू, नैसर्गिक दिसेल. बाया तिला नवरी नवरी म्हणून चिडवत होत्या, ती पदराआड हसत होती, आणि मी दोघांना बरोबर मधोमध धरून बटण अर्धं दाबलं. बीप झालं. बीप म्हणजे फोकस बसला. अकरा फोटो घेतले, अकरा वेळा बीप. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं तर झकास. तेवढ्या पडद्यावर सगळंच झकास दिसतं. मोठं करून बघायला चष्मा लागला असता, तो गाडीच्या डिकीत होता.

नंतर बाहेर मांडवात मुलाचं लग्न झालं. भर उन्हात, लेन्स आवळून, म्हणजे पुढचं-मागचं सगळंच साफ. ते सगळे फोटो उत्तम आले. चार दिवसांनी तिचा नवरा बोटीवर गेला.

दुकानात संगणकावर ते अकरा फोटो उघडले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौक असा आला होता की रेघेतला पिठाचा कण मोजावा. फण्यांचे दात, झाडांची पानं, सगळं. आणि त्याच्या पुढे बसलेल्या दोघांची तोंडं ओल्या काचेतून पाहावी तशी. डोळा कुठे, नाक कुठे, कळेना. अकराच्या अकरा. एकही सुटला नाही.

आता खरं म्हणजे तेव्हाच मला कळायला हवं होतं. माणूस हलला की चेहरा एका दिशेला ओढला जातो, त्याची शेपटी दिसते. हे तसं नव्हतं, हे चारी बाजूंनी सारखं मऊ होतं. शिवाय दोघंही अकरा वेळा सारखीच कशी हलतील? हे मला ठाऊक होतं. मी ते डोक्याच्या मागच्या खोलीत लोटलं आणि कडी घातली. फोटो छापले, पाकिटात भरले.

मुलगा कामावर लागला होता म्हणून फोटो न्यायला ती एकटीच आली, एसटीने. मुलाचे फोटो तिने भराभर पाहिले. मग तो दोघांचा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. फोटोवर बोट ठेवून तिने विचारलं, “आमची तोंडा कुठं गेली?”

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही हललात.”

आणि एवढ्यावर थांबलो नाही. समजावून सांगितलं. म्हटलं, भिंत बघा, भिंत कशी साफ आली? कारण भिंत हलत नाही. माणसाने फोटोच्या वेळी श्वास धरायचा असतो. तुम्ही हसत होतात, ते गाणं चाललं होतं, अंग डोलणारच. इतकं पटण्यासारखं बोललो, की बोलता बोलता मलाही पटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणालाच पटवत होतो, की तू वाकडं आहेस.

तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. चौक खरंच साफ होता. पुरावा तिच्या हातातच होता. ती म्हणाली, हलली असेन, मना लाज वाटत होती. मग म्हणाली, माझ्यामुळे तुझे फोटो फुकट गेले. तिने माझी माफी मागितली. माझ्या दुकानात, माझ्या काउंटरपाशी उभी राहून. मी म्हटलं, असू दे, होतं असं. मोठ्या मनाने म्हटलं. ती गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

दीड-दोन महिन्यांनी बोर्डीच्या एका शाळेचं बक्षीस समारंभाचं काम आलं. सभागृहात उजेड कमी होता, मी पुन्हा तीच लेन्स लावली. दुसऱ्या दिवशी फोटो उघडले तर मुख्याध्यापक ढाल देताहेत, विद्यार्थी ती घेतोय, दोघांची तोंडं लोण्यात, आणि मागच्या फलकावरची शाळेच्या नावाची अक्षरं इतकी लख्ख की रंगाचे फराटे दिसावेत. प्रत्येक बक्षिसाला तेच.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि हात जोडून म्हटलं, सर, कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे, ऑटोफोकस दगा देतोय, माझ्याकडून चूक झाली, पुन्हा काढून देतो. ते म्हणाले, ठीक आहे, यंत्र आहे, चालायचंच. मी बाहेर आलो, गाडीला किल्ली लावली, आणि तिथेच हात थांबला. सर, तुम्ही हललात, हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीचा तोच दोष, तीच लेन्स, मागचं साफ आणि पुढचं धूसर. मुख्याध्यापकांसमोर तो कॅमेऱ्याचा होता. तिच्यासमोर तो तिचा होता.

बोर्डीहून डहाणूला येईपर्यंत माझे कान गरम होते. तरी मनात एक आशा होती, की कॅमेरा खरंच बिघडला असेल. बिघडलेला निघाला तर निदान मी तरी सुटेन. म्हणून मग मी कामाला लागलो. इतकं मन लावून मी आयुष्यात काही तपासलं नसेल. लेन्स काढून तिची कॅमेऱ्याला टेकणारी पितळी टोकं खोडरबराने घासली. बॅटरी काढून पुन्हा घातली. लेन्सवरचं ऑटो-मॅन्युअलचं बटण बघितलं, ते बरोबर ऑटोवर होतं. सगळी सेटिंग कंपनीतून आल्यासारखी केली आणि माझी माझी पुन्हा लावली. वापीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आधी घरी चाचणी घे: वस्तू तिरक्या ओळीत मांड, मधलीवर फोकस धर, आणि बघ की मधलीच साफ येते का पुढची किंवा मागची.

माझ्याकडे उरलेल्या पासपोर्ट फोटोंचा डबा आहे. लोक आठ मागतात, सहा नेतात. त्यातले सात मी काड्यापेट्यांना चिकटवून टेबलावर तिरके उभे केले. अनोळखी सात माणसं माझ्याकडे बघत होती. चौथ्याच्या नाकावर फोकस धरला. चौथाच साफ आला. पुन्हा केलं, दहा वेळा केलं. पाचव्यावर धरला तर पाचवा. कॅमेरा शंभर नंबरी होता. लेन्सही. मी खाली बसलो.

मग लक्षात आलं, की शाळेच्या फोटोंत भाषण करणारे पाहुणे एकटे उभे होते ते साफ आलेत. फक्त दोघांचे फोटो गेले. बाजारातून दोन शहाळी आणली, दोन स्टुलांवर शेजारी शेजारी ठेवली, मागे भिंतीवर कॅलेंडर होतंच. रस्त्यावरून टोपली घेऊन जाणारी एक मासेवाली थांबली आणि शहाळ्यांना पण दाखला काढायचाय का म्हणून विचारून गेली. मी दोन शहाळी मधोमध धरली, बटण अर्धं दाबलं, बीप झालं. या वेळी चष्मा लावून पडद्यावर मोठं करून पाहिलं. शहाळी धूसर. कॅलेंडरवरची तिथी, वार, नक्षत्र सगळं वाचता येत होतं.

कॅमेऱ्याला डोळा लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये नऊ ठिपके दिसतात. ज्या ठिपक्यावर जे येईल त्यावर कॅमेरा फोकस धरतो. कॅमेरा घेतल्या दिवशी मी मधला ठिपका निवडला आणि पुन्हा कधी हात लावला नाही. पासपोर्टवाल्याला दुसरं काय लागतं? एकच तोंड, बरोबर मध्ये, ठिपका नाकावर. पण दोन माणसं शेजारी बसली आणि मी त्यांना मधोमध धरलं, की मध्ये माणूस नसतोच, मोकळी जागा असते. ठिपका त्या जागेतून आरपार जातो आणि मागे जे असेल ते पकडतो. कॅमेऱ्याने मला अकरा वेळा बीप करून सांगितलं होतं, भिंत साफ आहे. आधी एकाच्या तोंडावर फोकस धरून मग कॅमेरा सरकवायचा, नाहीतर ठिपकाच बाजूला घ्यायचा. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. आयुष्यभर एकेकट्या माणसांचे फोटो काढून माझा हात तेवढ्याच कामाचा झाला होता, आणि मी चौकासमोर कलाकार बनून गेलो होतो.

ही चूक जगात फक्त मला माहीत होती. हे कळल्यावर आधी बरं वाटलं, ते सांगायलाही लाज वाटते.

मी जायचं ठरवलं. रोज ठरवलं. रानशेतला एका साखरपुड्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी केली असती तर पाड्यावर जाता आलं असतं. गेलो नाही. म्हटलं, नवरा तर बोटीवर आहे, आत्ता जाऊन काय होणार, फोटो पुन्हा काढता थोडाच येणार आहे. चौक लग्नापुरताच असतो. नवरा आला की बघू. अशी कारणं सापडत गेली, एकाला एक जोडून.

मेअखेरीस तीच आली, नवऱ्याला घेऊन. तो उंच, उन्हाने करपलेला, कमी बोलणारा माणूस. आता चौक नाही, मांडव नाही, तर पडद्यापुढेच काढ म्हणाली, निदान तोंडं तरी दिसू देत. मी दोन स्टुलं मांडली. ती बसली आणि तिने छाती भरून श्वास घेतला आणि धरून ठेवला. डोळे सताड. पापणी हलत नाही, ओठ हलत नाही, मानेची शीर फुगलेली. मी म्हटलं, मावशी, श्वास घ्या. तिने मान न हलवता हाताने खूण केली, काढ. मी कॅमेरा खाली घेतला. तेव्हा तिने श्वास सोडला आणि मला समजावून सांगितलं, की मी घरी सवय केली आहे. भिंतीला पाठ लावून बसायची रोज, सून मोजायची. आधी वीसपर्यंत जमायचं, आता साठपर्यंत जमतं. पाड्यावर सगळे तिला हलणारी नवरी म्हणायला लागले होते. नवऱ्याने बोटीवरून फोन केला की तोही विचारायचा, त्या दिवशी एवढी का हलत होतीस?

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही हलला नव्हतात. चूक माझी होती. मी भिंतीवर फोकस धरला.”

मग सगळं सांगितलं, ठिपका, मधली जागा, शहाळी. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, ऐकलास ना? तो माझ्याकडे बघत राहिला. मी फोटो काढला, या वेळी तिच्या डोळ्यावर फोकस धरून. साफ आला. पापणीचा केस न केस आला, आणि दोघंही घरावर जप्ती आल्यासारखी दिसत होती. लग्नातल्या त्या धूसर फोटोत ती हसत होती, एवढं मात्र कळत होतं.

फोटो पाकिटात घालून देताना ती म्हणाली, “तू आता बोललास, हा पाड्यावर येऊन सांग. सगळ्यांना सांग.”

पुढच्या रविवारी गेलो. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली, बाया जास्त. धवलेरीही होती, एका कडेला बसलेली. मी उभा राहून सांगितलं, की ही हलली नव्हती, मलाच फोटो काढता आला नाही. मला वाटलं होतं हसतील, चार शब्द सुनावतील. मनाची तयारी करून गेलो होतो. पण एक म्हातारा म्हणाला, भाऊ चांगला माणूस हाय, तिचं मन राखायला एवढ्या लांब आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, तसं नाही, खरंच माझी चूक होती. एक बाई म्हणाली, मग चौक कसा बरा आला? चौक नाय हलला. जेवढं मी नाही म्हणालो तेवढा मी मोठ्या मनाचा ठरत गेलो. मीच शिकवलेला पुरावा मलाच परत देत होते. तिचा नवराही त्यांच्यात बसून हसला, तिला कोपर मारून. मग मला ओटीवर बसवलं, पाहुणा म्हणून पहिलं पान वाढलं. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी जेवलो.

निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीपाशी आल्यावर तिने विचारलं, तू खरा बोललास ना? मी म्हटलं, देवाशपथ खरं. दोन बायका शेजारी बसवून, मागे कुडावर काहीतरी टांगून एक फोटो काढला असता आणि तो पडद्यावर फिरवला असता, तर पाड्याला पटायला दोन मिनिटं लागली नसती. हे मला सकाळी घरातून निघतानाच सुचलं होतं. कॅमेऱ्याची बॅग मी हातात घेतली होती आणि पुन्हा कपाटात ठेवली होती. चूक झाली म्हणणं वेगळं, आणि डहाणूचा फोटोवाला दोन माणसांचा फोटो कसा बिघडवतो हे सगळ्यांना दाखवणं वेगळं.

ती माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघत होती. म्हणाली, “मग कॅमेरा का नाय आणलास?”

मी म्हटलं, विसरलो.